‘इराणी’ आडनांवाची कुळकथा

आगगाडींत दोन अनोळखी मराठी गृहस्थ समोरासमोर बसले, म्हणजे पहिल्या पांच मिनिटांत आडनांवाची चौकशी होते आणि पुढच्या पांच मिनिटांत “आपण मूळचे कोठले ?” हा प्रश्न येतो. पुष्कळदां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच उत्तरांत आलेलें असतें. चिपळूणकर, नगरकर, सातारकर ह्या मंडळींस आपलें मूळ गांव निराळें सांगावें लागत नाहीं. हा ‘कर’ प्रत्यय आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्यांतील एक मौज सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. चिपळुणांत राहणाऱ्या प्रत्येकासच चिपळूणकर म्हणूं लागलें, तर त्या नांवानें कोणाचीच ओळख पटावयाची नाहीं. गांवांत असतांना मनुष्य जोशी असतो, कुळकर्णी असतो, सोनार असतो. गांवाचें नांव त्यास चिकटतें तें बहुधा गांव सोडल्यावर, आणि तेंही परगांवच्या लोकांच्या तोंडून. तेव्हां गांवावरून पडलेलें आडनांव ही त्या गांवाहून निघाल्याची पावती समजावी. त्या गांवावरील मालकीचा तो दाखला नव्हे.

ह्या नियमाचा पडताळा पाहण्यास पालघर जिल्ह्यांतील डहाणू आणि तलासरी ह्या दोन तालुक्यांसारखी जागा क्वचित् सांपडेल. ‘डहाणूकर’ हें आडनांव महाराष्ट्रास परिचित आहे. श्रीरामपुराजवळ टिळकनगर येथें साखरेचा कारखाना उभारणारे उद्योगपति महादेव डहाणूकर, वैद्यक आणि वनस्पति ह्यांविषयीं रसाळ मराठींत लिहिणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर हीं नांवें सुशिक्षित घरांत ठाऊक आहेत. पुण्यास कोथरुडांत तर डहाणूकरांच्या नांवाची एक वसाहतच आहे. परंतु ह्या मंडळींचें नांव झालें तें डहाणूच्या बाहेर. उलट खुद्द डहाणू, घोलवड, बोर्डी ह्या पट्ट्यांत चिकूच्या वाड्यांवरील पाट्या वाचीत जावें, तर वारंवार आढळतें तें आडनांव ‘इराणी’. डहाणूहून गेले ते डहाणूकर झाले, इराणांतून आले ते इराणी झाले; आणि ज्यांनीं हा मुलूख कधींच सोडला नाहीं, त्या वारल्यांस गांवाचें आडनांव घेण्याची वेळच आली नाहीं. ह्या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय त्यांतील कोणत्याही एकीचा इतिहास नीट कळावयाचा नाहीं, असें मला वाटतें. म्हणून ‘इराणी’ ह्या एका आडनांवाचा माग काढीत जाण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम ह्या किनाऱ्याचा स्वभाव पाहूं. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जांवई उषवदात ह्याचा प्रसिद्ध शिलालेख आहे. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या त्या लेखांत इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या नद्यांवर त्यानें नावा ठेवून उतारूंची फुकट सोय केल्याचें सांगितलें आहे. पारादा म्हणजे आजची पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी-नदी. डहाणूचा इतका जुना उल्लेख आढळतो तो कोणाच्या राजधानीचा किंवा किल्ल्याचा म्हणून नव्हे, तर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या उताराचा म्हणून, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरा पुरावा डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें सांपडलेल्या ताम्रपटांचा. त्यांपैकीं एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ मधील, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या अमदानींतील आहे. त्या वेळीं संजाणचें मंडल राष्ट्रकूटांच्या वतीनें एक ‘ताजिक’ अधिकारी पाहत होता. ताजिक हा शब्द त्या काळीं अरब व त्यांच्याबरोबरच्या पश्चिमेकडील मुसलमानांस लावीत. ताम्रपटांत ह्या अधिकाऱ्याचें नांव ‘मधुमति’ आणि त्याच्या पित्याचें नांव ‘सहियारहार’ असें दिलें आहे. डॉ. दिनेशचंद्र सरकार ह्यांनीं त्यांचीं मूळ रूपें मुहंमद आणि शहरियार अशीं लावलीं. ह्या मधुमतीनें नद्यांवर फुकट नावांची व संजाण येथें अन्नछत्राची सोय केली, आणि त्याच्याच संमतीनें एका ब्राह्मणानें बांधलेल्या देवीच्या मठास जमीन मिळाली. परमुलखांतला मनुष्य ह्या किनाऱ्यावर आला, येथल्या भाषेनें त्याचें नांव आपल्या जिभेस रुचेल असें करून घेतलें, आणि तो येथला अधिकारी म्हणून तांब्यावर कोरला गेला. बाप शहरियार हा फारसी नांवाचा आणि लेक मुहंमद असूनही मधुमति. एका पिढींत केवढा हा प्रवास! शहरियार हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां भेटणार आहे.

पारशी लोकांचें आगमन हें ह्याच संजाण बंदरांतलें. त्यांची परंपरागत हकीकत बहमन कैकोबाद नांवाच्या नवसारीच्या दस्तुरानें सोळाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस फारसी पद्यांत लिहून ठेविली. तीच ‘किस्से संजाण’. संजाण पडल्यावर इराणशाह नांवाचा पवित्र अग्नि घेऊन धर्मगुरु डहाणू तालुक्यांतील बाहरोटच्या डोंगरांत बारा वर्षें लपून राहिले, असें ती हकीकत सांगते. तोच अग्नि अनेक ठिकाणें फिरून १७४२ पासून उदवाडा येथें आहे. ह्या लोकांस आपण पारशी म्हणतों तें ‘पार्स’ प्रांतावरून. म्हणजे सबंध जातीचें नांव हेंच मुळीं एक ‘कर’ लावलेलें नांव आहे. पुढें इंग्रजी अमदानींत पारशांनीं आडनांवें घेतलीं, तेव्हां तोच न्याय पुन्हां लागू झाला : सुरतेहून निघालेले सुरती, भडोचचे भरुचा, उदवाड्याचे उदवाडिया. संजाण सोडावें लागलेल्या धर्मगुरूंच्या घराण्यांनीं तर ‘संजाणा’ हें नांव पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें.

आतां इराणी. ज्यांस आपण इराणी म्हणतों ते धर्मानें जरथुस्त्रीच, परंतु त्यांचे पूर्वज हजार वर्षें इराणांतच राहिले होते, मुख्यतः यझद आणि केरमान ह्या दोन शहरांच्या आसपास. तेथें त्यांस जिझिया द्यावा लागे, आणि अपमानाचे इतरही पुष्कळ निर्बंध सोसावे लागत. त्यांची ही स्थिति सुधारण्यासाठीं मुंबईच्या पारशांनीं १८५४ सालीं माणेकजी लिमजी हातारिया ह्यांस इराणांत पाठविलें. त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर नासिरुद्दीन शहानें १८८२ सालीं हा जिझिया रद्द केला. परंतु तत्पूर्वींच दुष्काळ आणि छळ ह्यांना कंटाळून कित्येक कुटुंबें मुंबईची वाट धरूं लागलीं होतीं, आणि तो ओघ विसाव्या शतकाच्या आरंभींही चालू राहिला.

हे लोक मुंबईस उतरले तेव्हां त्यांचें आडनांव काय होतें ? काहींच नव्हतें. इराणांत त्या काळीं सामान्य माणसास वंशपरंपरेचें आडनांव नसे. अमुक ह्याचा मुलगा अमुक, एवढ्यावर काम भागे. तेथें प्रत्येकानें आडनांव घेतलेंच पाहिजे असा कायदा झाला तो १९२५ सालीं. म्हणजे यझदच्या एखाद्या खेड्यांतला माळी घर सोडून निघाला, तेव्हां इराणांत तो इराणी नव्हता; बोटीवरून उतरून त्यानें प्रथम एखाद्या कचेरींत नांव सांगितलें, किंवा एखाद्या पारशी शेटजीकडे नोकरी धरली, तेव्हां तो इराणी झाला. आधीं आलेला तो पारशी आणि मागाहून आलेला तो इराणी, एवढाच काय तो भेद. परंतु त्या एका शब्दानें दोघांमध्यें हजार वर्षांचें अंतर उभें केलें.

हें अंतर न्यायालयापर्यंत गेलें. परधर्मीय स्त्रीनें जरथुस्त्री धर्माची दीक्षा घेतल्यास पारशी पंचायतीच्या संस्थांचा लाभ तिला मिळावा काय, असा वाद मुंबईच्या हायकोर्टापुढें आला. पेटिट विरुद्ध जीजीभाई ह्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. १९०८ सालीं त्याचा निर्णय करतांना न्यायमूर्ति दिनशा दावर ह्यांस ‘पारशी म्हणजे कोण’ ह्याची व्याख्या करावी लागली. त्याच वर्षीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे हेच ते न्यायमूर्ति. मराठी वाचकास त्यांचें नांव त्या निमित्तानें ठाऊक असतें. त्यांच्या व्याख्येंत मूळ निर्वासितांचे वंशज आले, पारशी पित्याचीं रीतसर धर्मांत घेतलेलीं मुलें आलीं, आणि कायमचे किंवा तात्पुरते हिंदुस्थानांत आलेले जरथुस्त्री इराणीही आले. कायद्यानें इराणी हा पारशांतच मोडला. आडनांवानें मात्र तो निराळा राहिला.

मुंबई-पुण्याकडे ह्या आडनांवानें कोणकोणते व्यवसाय केले हें सर्वश्रुत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानांतला चहा आणि मस्कापाव हें त्यांतलें सर्वांच्या परिचयाचें. (त्या दुकानदारांत मुसलमान इराणीही पुष्कळ होते, आडनांव देशाचें असल्यामुळें तें धर्म सांगत नाहीं, हें विसरतां कामा नये.) पुण्यांत जन्मलेल्या अर्देशीर इराणी ह्यांनीं १९३१ सालीं ‘आलमआरा’ हा हिंदुस्थानांतला पहिला बोलपट काढला, आणि दोनच वर्षांनीं, १९३३ सालीं, ‘दुख्तर-ए-लोर’ हा फारसी भाषेंतला पहिला बोलपट मुंबईस तयार करून इराणांत पाठविला. यझदकडून निघून फिरत फिरत पुण्यास स्थायिक झालेल्या आणखी एका इराण्याचा मुलगा मेरवान हा १८९४ सालीं तेथें जन्मला आणि पुढें मेहेरबाबा म्हणून नगरजवळच्या मेहेराबादेमुळें जगभर प्रसिद्ध झाला. ह्या मेरवानाच्या पित्याचें नांव होतें शहरियार. चिंचणीच्या ताम्रपटांतील ‘सहियारहार’ आणि पुण्याचे शहरियार इराणी ह्यांच्यामध्यें सुमारें साडेनऊशें वर्षें गेलीं. परंतु नांव तेंच, आणि मुलगा महाराष्ट्राचा होऊन गेला हेंही तेंच.

डहाणूकडे मात्र इराण्यांनीं जमीन धरली. १८६४ पासून सुरतेपर्यंतची आगगाडी थेट मुंबईस जोडली गेल्यामुळें येथला माल एका दिवसांत राजधानींत पोंचूं लागला होता. आबकारीच्या नव्या व्यवस्थेंत ताडी-दारूचीं दुकानें पारशी व इराणी मंडळींनीं चालविलीं. पुढें जमिनी घेतल्या आणि फळबागा लाविल्या. यझद-केरमानच्या कोरड्या मुलखांत जमिनीखालून कालवे खणून थेंबथेंब पाणी आणणाऱ्या लोकांस विहिरीचें पाणी आणि समुद्राची हवा म्हणजे पर्वणीच वाटली असल्यास नवल नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडकडे चिकू आला, आणि त्यानें ह्या किनाऱ्याचें रूप पालटलें. हें झाडही परदेशचेंच. त्याची जन्मभूमि मेक्सिको आणि मध्य अमेरिका. ‘चिकू’ हें नांवही तिकडच्याच भाषेंतलें, स्पॅनिश-पोर्तुगीज वाटेनें घासतपुसत येथवर आलेलें. आणि २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकाच्या कायद्यानें ह्या फळास अधिकृत नांव मिळालें तें ‘डहाणू घोलवड चिकू’. म्हणजे अमेरिकेंतून आलेलें फळ अखेर डहाणूकर झालें. तेंही नेमकें बाहेरच्या बाजारासाठीं. डहाणूच्या आठवड्याच्या बाजारांत त्यास नुसतें चिकूच म्हणतात.

येथवरची कथा गोड आहे, आणि येथेंच थांबलें तर ती अपुरी आहे. कारण ज्या जमिनींवर ह्या वाड्या उभ्या राहिल्या त्या ओसाड नव्हत्या. त्यांवर वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी हे लोक राहत होते. त्यांतल्या वारल्यांचीं नांवें पाहिलीं तर पहिलें नांव पुष्कळदां जन्माच्या वारावरून : सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. पाठोपाठ बापाचें नांव, आणि शेवटीं कुळाचें. हें कुळाचें नांव घरच्या देवाधर्मांत आणि सोयरीक जुळवितांना उपयोगी पडे. परक्या माणसास सांगण्यासाठीं तें नव्हतेंच. सावकाराच्या वहींत आणि कारभाऱ्याच्या हांकेंत उरे तो नुसता ‘सोम्या’.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या लोकांच्या जमिनी झपाट्यानें सावकारांच्या व दारूविक्यांच्या हातीं गेल्या, आणि मूळचा मालक त्याच शेतावर कूळ किंवा वेठबिगार झाला. लग्नासाठीं काढलेल्या थोड्याशा रुपयांपायीं नवराबायको सावकाराकडे वर्षानुवर्षें राबत; अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन ह्या सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालांत वेठ, कर्जाचा फांस आणि मारहाण ह्यांची नोंद आहे. ह्या जमीनदारांत इराणी होते, पारशी होते, मुसलमान होते, मारवाडी होते. आणि आपल्या वाचकांनीं हेंही प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे, कीं त्या यादींत आपल्यासारख्या पांढरपेशा मराठी घराण्यांचीं आडनांवेंही होतीं. दोष एका आडनांवाच्या माथीं मारून आपली सुटका होण्यासारखी नाहीं. उलट, जो स्वतः जिझियाच्या जांचांतून निसटून आला त्याच्याच वाडीवर दुसरा वेठीस राबावा, ही मनुष्यस्वभावाची शोकांतिका आहे. आश्रय मागणाऱ्याच्या हातीं जमीन आली म्हणजे आश्रय देणारा कोण होता ह्याचा त्यास विसर पडतो. ह्यास जात नाहीं आणि देशही नाहीं.

१९४५ च्या मे महिन्यांत तलासरीकडील झरी येथें शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं हजारों वारली जमले, आणि वेठ करावयाची नाहीं असा निश्चय त्यांनीं केला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाडे येथें झालेल्या गोळीबारांत पांच जण ठार झाले. त्यांतील जेठ्या गांगड हें नांव आजही तेथें आदरानें घेतलें जातें. ह्या लढ्याचें चित्र गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत आहे. माझ्या प्रस्तुत विषयापुरतें त्यांतून एवढेंच घ्यावयाचें, कीं कालपर्यंत जो नुसता जेठ्या होता तो ह्या दिवसानंतर इतिहासांत जेठ्या गांगड म्हणून, कुळाच्या नांवासकट, दाखल झाला.

मराठींत ‘कूळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक घराण्याचें कूळ आणि दुसरें जमिनीचें कूळ. १९४८ च्या कुळकायद्यानें, आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनानें, हे दोन अर्थ ह्या भागांत एकमेकांस येऊन भिडले. कसणाऱ्यास जमीन मिळावयाची, तर कागदावर त्याचें नांव पाहिजे. आणि नांव म्हणजे आतां वारावरून पडलेलें नांव पुरेसें नाहीं, कारण एका पाड्यावर चार सोमा असतात. घरांत देवापुढें उच्चारावयाचें कुळाचें नांव सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आलें तें असें. पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीस हक्क मागण्याची सोय केली, आणि पुन्हां तोच प्रश्न उभा राहिला. एका कागदावर बाप ‘सोमा’ आणि दुसऱ्यावर ‘सोम्या’ असला, कीं मुलाचा अर्ज अडतो. शेकडों वर्षें ज्यानें गांव सोडलें नाहीं, त्यासच आपण येथले आहोंत हें नांवाच्या पुराव्यानें सिद्ध करावें लागतें. इराण्याचें आडनांव तो कोठून आला हें एका शब्दांत सांगून मोकळें होतें. वारल्याच्या आडनांवास सांगण्यासारखा प्रवास नाहीं, म्हणूनच कचेरींत त्याची साक्ष दुबळी पडते.

ह्याला एक सुंदर अपवाद सांगतों. वारली चित्रकला ही परंपरेनें सुवासिनींनीं लग्नघरच्या भिंतीवर काढावयाची कला. तिच्याखालीं कोणाचें नांव नसे. जिव्या सोमा म्हसे ह्यांचा जन्म तलासरी तालुक्यांतील धामणगांवचा आणि आयुष्य गेलें तें डहाणू तालुक्यांतील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. त्यांनीं तीं चित्रें कागदावर आणि कापडावर आणलीं आणि देशोदेशीं नेलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. त्यांचें नांव परदेशांतील प्रदर्शनांत लागलें तें जसेंच्या तसें : स्वतःचें, सोमवारावरून पडलेलें बापाचें, आणि कुळाचें. धामणगांवकर किंवा गंजाडकर त्यांस कोणीं म्हटलें नाहीं. कारण ते पॅरिसपर्यंत जाऊनही परत पाड्यावरच आले.

आतां ह्या आडनांवांच्या संख्येविषयीं. आपली खानेसुमारी आडनांवें मोजीत नाहीं; ती धर्म आणि जमात मोजते. २०११ च्या गणनेंत तलासरी तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या वर आणि डहाणूची चार लाखांच्या वर भरली. तलासरींत दर दहा माणसांपैकीं नऊ आणि डहाणूंत दोन-तृतीयांशांहून अधिक अनुसूचित जमातींचे आहेत. ज्या पारशी गटांत जरथुस्त्री इराणी धरले जातात, त्याची संख्या १९४१ सालीं अखंड हिंदुस्थानांत १,१४,८९० होती. २००१ सालीं भारतांत ती ६९,६०१ आणि २०११ सालीं ५७,२६४ भरली. मृत्यूंच्या मानानें जन्म थोडे, आणि तरुणांचा ओढा मुंबईकडे व परदेशाकडे. वाड्यांवर पाट्या आहेत, परंतु त्या पाट्यांमागचीं घरें वर्षाचे बहुतेक दिवस शांत असतात. चिकू उतरविणारीं, निवडणारीं आणि करंड्या भरणारीं माणसें वारली आणि त्यांच्या शेजारच्या जमातींतलीं आहेत.

१९६० सालीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हां संजाण गुजरातेंत गेलें आणि तलासरीकडील गांवें महाराष्ट्रांत राहिलीं. वारल्यांचीं तींच कुळें आज सीमेच्या दोन्ही बाजूंस, आणि दादरा-नगरहवेलींतही, आढळतात. सीमा त्यांच्यामधून गेली, ते सीमा ओलांडून गेले नाहींत. उलट, घोलवडच्या वाडींत आजोबा वाढलेला एखादा इराणी मुलगा आज कॅनडांत शिकत असेल. तेथें त्याचें आडनांव ऐकून कोणीं विचारलें, कीं इराण कसा आहे, तर त्यास तें सांगतां यावयाचें नाहीं. कारण त्यानें इराण पाहिलेला नाहीं. समुद्राकडची वाडी, विहिरीवरचा रहाट आणि उन्हाळ्यांतले चिकू ह्यांचें वर्णन मात्र तो करील. आपल्या मराठी न्यायानें त्यास डहाणूकर म्हणावयास कांहीं हरकत नाहीं. आणि त्या वाडींत ह्या हंगामांतही चिकू उतरवीत असलेल्या माणसाचें आडनांव विचारून, तें सातबाऱ्यावर बिनचूक लिहिलें आहे कीं नाहीं हें पाहणें, एवढें काम आपण इकडे राहणाऱ्यांकडे उरतें.